फेकलेला चेंडू खरोखर अन्वस्त (पॅराबोला) मार्गाने जातो का? हवेचा रोध धरला तर किती फरक पडतो?

पार्ककाठचा (रविवार, रात्री ९.१०)

माझा मुलगा अकरावीत विज्ञान शाखेला आहे आणि गेली पाच वर्षे शिवाजी पार्कवर क्रिकेटचा सराव करतो आहे. पंधरा दिवसांपूर्वी त्यांच्या क्लासमध्ये प्रक्षेपकाची गती हा धडा शिकवून झाला. ४५ अंशांच्या कोनातून फेकलेल्या वस्तूचा पल्ला सर्वांत जास्त असतो आणि तो वेगाच्या वर्गाला गुरुत्वीय त्वरणाने भागले की मिळतो, हे सूत्र घेऊन तो थेट मैदानावर गेला. तिथे एका मित्राकडे स्पीड गन होती. त्याच्या सीझन बॉलच्या थ्रोचा वेग ताशी ९० किलोमीटर, म्हणजे सेकंदाला २५ मीटर भरला. सूत्राप्रमाणे चेंडू जवळपास ६४ मीटरवर पडायला हवा होता आणि हात जमिनीपासून वर असतो हे धरले तर आणखी दीड-दोन मीटर पुढे. आम्ही दोघांनी मोजपट्टी धरून दहा थ्रो मोजले. सर्वांत लांबचा ४९ मीटरवर पडला.

त्याने क्लासमध्ये विचारले, तेव्हा "हवेचा रोध आपण धरत नाही, परीक्षेत तेवढेच विचारतात" असे उत्तर मिळाले. मुलगा हिरमुसला आणि खरे सांगायचे तर मलाही वाईट वाटले, कारण प्रश्न त्याने मनापासून विचारला होता. सोळा मीटरची तफावत एकट्या हवेमुळे पडू शकते, की आमच्या मोजण्यातच चूक आहे? आणि फरक एवढा मोठा असेल, तर मुलांना अन्वस्त वक्र शिकवावाच का?

गणितवेडी (रविवार, रात्री १०.०५)

आपल्या मोजण्यात चूक नाही, आणि आपल्या मुलाने जे केले ते फार मोलाचे आहे हे त्याला आवर्जून सांगा.

हिशेब असा आहे. सीझन बॉलचे वस्तुमान सुमारे १६० ग्रॅम, म्हणजे वजन साधारण १.५७ न्यूटन. त्याचा व्यास साधारण ७.२ सेंटिमीटर, त्यामुळे हवेला सामोरे जाणारे क्षेत्रफळ सुमारे ४१ चौरस सेंटिमीटर. या वेगांना हवेचा रोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. हवेची घनता, हे क्षेत्रफळ, वेगाचा वर्ग आणि रोधगुणांक (वस्तूच्या आकारामुळे हवा तिला किती अडवते ते सांगणारा आकडा) यांचा गुणाकार करून निम्मा केला की रोधाचे बल मिळते. चेंडूसाठी रोधगुणांक ०.४५ धरला, तर सेकंदाला २५ मीटर वेगाला हे बल सुमारे ०.७ न्यूटन येते. म्हणजे चेंडू हातातून सुटला त्या क्षणी गुरुत्वाकर्षण त्याला जेवढे खाली ओढते, त्याच्या ४४ टक्के बलाने हवा त्याला मागे ढकलत असते. एवढे बल दुर्लक्षिण्याजोगे मुळीच नाही.

मी वेळेचे छोटे छोटे टप्पे पाडून आताच गणित केले. ४५ अंशांना आणि हात जमिनीलगत आहे असे धरून पल्ला ४८ मीटर येतो, हाताची उंची मिळवली तर साडेएकोणपन्नासच्या आसपास. आपण मोजलेले ४९ मीटर त्याला इतके जवळ आहेत की मला स्वतःला आनंद झाला. निर्वात जागेत हाच चेंडू १६ मीटर उंच गेला असता, हवेत तो साडेतेरापर्यंतच पोहोचतो.

वेग वाढला की तफावत आणखी वाढते. सेकंदाला ३० मीटरने फेकलेल्या चेंडूचा सूत्राप्रमाणे पल्ला ९२ मीटर, आणि हवेतला जेमतेम ६३. आकृतीही बदलते. वर जाणारी बाजू लांब आणि निवांत, उतरणारी बाजू आखूड आणि उभी. या थ्रोमध्ये चेंडू ४५ अंशांनी निघतो, पण जमिनीवर येताना जवळपास ५४ अंशांनी येतो. सीमारेषेवर उंच झेल घेणाऱ्या खेळाडूला चेंडू "वरून कोसळल्यासारखा" का वाटतो, त्याचे कारण हेच.

डोंबिवलीहून रोज (रविवार, रात्री १०.३०)

रोधगुणांक ०.४५ कुठून आला, हेही कृपया सांगावे, कारण सगळा हिशेब त्यावरच उभा आहे.

गणितवेडी (रविवार, रात्री १०.५२)

प्रश्न रास्त आहे. हा आकडा प्रयोगातून येतो, सूत्रातून काढता येत नाही. गुळगुळीत गोलासाठी मोठ्या वेगपट्ट्यात तो ०.४ ते ०.५ असतो. वेग आणखी वाढला, की गोलाला चिकटून वाहणारा हवेचा थर खळबळीचा होतो, मागच्या बाजूला अधिक आतपर्यंत चिकटून राहतो, मागची पोकळी लहान होते आणि रोधगुणांक एकदम घसरतो. पृष्ठभाग खडबडीत असेल तर ही घसरण कमी वेगालाच होते. गोल्फच्या चेंडूवर खळगे असतात ते यासाठीच. सीझन बॉलला शिवण असल्यामुळे त्याचे वागणे वेगानुसार आणि जुनेपणानुसार थोडे बदलते. म्हणून माझे उत्तर एक-दोन मीटर इकडेतिकडे होऊ शकते, सोळा मीटर मात्र नाही.

निवृत्त मास्तर (सोमवार, सकाळी ७.१५)

मी बत्तीस वर्षे भौतिकशास्त्र शिकवले. मुलाला मिळालेले उत्तर मलाही खटकले, परंतु अन्वस्त वक्र शिकवू नये या सुराशी मी सहमत नाही.

गॅलिलिओने १६३८ साली हा वक्र मांडला तेव्हा हवेचा अडथळा त्याला माहीत नव्हता असे नाही. हवेमुळे आकृती बिघडते, हे त्याने स्वतः नमूद केले होते. त्याचे मोठेपण असे, की दोन गती एकत्र आहेत हे त्याने ओळखले. क्षितिजसमांतर दिशेने एकसारखी गती आणि ऊर्ध्व दिशेने मुक्तपतन, आणि दोघी एकमेकींच्या आड येत नाहीत. टेबलावरून एक गोळी नुसती सोडली आणि दुसरी त्याच क्षणी आडवी टोलवली, तर दोन्ही एकाच वेळी जमिनीवर पडतात. हा प्रयोग मी दरवर्षी वर्गात करून दाखवत असे. डोळे मिटून नुसते ऐकायला सांगायचो आणि मुलांना एकच "टक्" ऐकू यायचा.

शिवाय सगळ्याच वस्तू सीझन बॉलसारख्या नसतात. गोळाफेकीतला पुरुषांचा गोळा ७.२६ किलोचा असतो आणि सेकंदाला साधारण १४ मीटरने सुटतो. त्याच्यावरचा हवेचा रोध त्याच्या वजनाच्या एक टक्क्याहूनही कमी भरतो. तिथे अन्वस्त वक्र अगदी चपखल बसतो.

चेंबूर नाका (सोमवार, सकाळी ९.४०)

मास्तर, आपल्याविषयी पूर्ण आदर राखून एका मुद्द्यावर असहमती नोंदवतो. दोन्ही गोळ्या एकाच वेळी पडतात, हे निर्वात जागेत तंतोतंत खरे आहे, हवेत नाही.

रोध वेगाच्या वर्गावर अवलंबून असतो, आणि हा वेग एकूण वेग असतो, नुसता आडवा किंवा नुसता उभा नव्हे. त्या रोधाचा उभा भाग काढायचा तर एकूण वेगाला उभ्या वेगाने गुणावे लागते. म्हणजे आडवा वेग जितका जास्त, तितका उभ्या पतनालाही विरोध जास्त. दोन्ही गती इथे एकमेकींत गुंततात. दोन मीटर उंचीवरून नुसता सोडलेला सीझन बॉल ०.६४ सेकंदात खाली येतो. तोच सेकंदाला ३० मीटरने अगदी आडवा फेकला, तर एक-दीड शतांश सेकंद उशिरा पोहोचतो. टेबलावरून टोलवलेल्या गोळीचा वेग इतका कमी असतो, की वर्गात हा फरक कानाला कळणार नाही. त्यामुळे आपला प्रयोग खोटा ठरत नाही, त्यातून काढलेला नियम मात्र मर्यादित ठरतो.

रोध वेगाच्या साध्या प्रमाणात असता, तर आडवी आणि उभी गती स्वतंत्रच राहिली असती आणि मार्गाचे नेटके सूत्रही मिळाले असते. पण तसा रोध धुक्याच्या थेंबासारख्या अतिसूक्ष्म, अतिसंथ वस्तूंना लागू होतो. चेंडूला नाही.

निवृत्त मास्तर (सोमवार, दुपारी १२.२०)

आपले म्हणणे मी कागदावर मांडून पाहिले आणि ते बरोबर आहे. वर्गात मी "हवा असली तरी" असे शब्द कधी वापरले होते का, याचा आता विचार करतो आहे. वापरले असतील तर ते चुकीचे होते. आभारी आहे.

नेटमधला (सोमवार, दुपारी ३.०५)

मी आझाद मैदानावर क्लबचे क्रिकेट खेळलो आहे आणि आता मुलांना क्षेत्ररक्षण शिकवतो. मला ४५ अंशांबद्दल बोलायचे आहे.

एकाही चांगल्या क्षेत्ररक्षकाचा लांबचा थ्रो ४५ अंशांचा नसतो. आम्ही मुलांना सांगतो, "चेंडू आभाळाकडे नको, यष्टिरक्षकाच्या डोक्यावरच्या झाडाकडे फेक." तसा थ्रो पंचवीस-तीस अंशांच्या आत जातो. मुलाने सूत्र वाचून ४५ अंशांनी फेकायला सुरुवात केली असेल, तर त्याचा थ्रो बिघडेल याची मला काळजी वाटते. एक टप्पा घेऊन आलेला सपाट थ्रो उंच थ्रोच्या आधी पोहोचतो, हे मैदानावर रोज दिसते.

गणितवेडी (सोमवार, सायंकाळी ६.३०)

आपल्या अनुभवामागे तीन कारणे आहेत. पहिले, हवेच्या रोधामुळे सर्वोत्तम कोन ४५ वरून खाली येतो आणि या वेगाच्या सीझन बॉलसाठी तो चाळीस-एकेचाळीसच्या आसपास असतो. मात्र ४५ आणि ४० अंशांच्या पल्ल्यांत एक मीटरचाही फरक पडत नाही, म्हणून हे कारण सर्वांत दुबळे. दुसरे, चेंडू हाताच्या उंचीवरून सुटतो, त्यामुळे कोन आणखी थोडा उतरतो. तिसरे कारण सर्वांत बळकट आहे. माणसाचा खांदा सगळ्या कोनांना सारखा वेग देऊ शकत नाही. सपाट फेकताना शरीराचे वजन आणि कंबरेचा पीळ चेंडूमागे येतो, उंच फेकताना तो येत नाही. गोळाफेकपटूही ४५ अंशांच्या खालीच फेकतात, ते याच कारणाने.

आणि क्षेत्ररक्षकाला पल्ला नको असतो, त्याला वेळ वाचवायचा असतो. ज्या प्रश्नाचे उत्तर ४५ आहे, तो त्याचा प्रश्नच नाही.

पश्चिम वारा (सोमवार, रात्री ८.१५)

समालोचक नेहमी म्हणतात, की मुंबईची समुद्रकाठची दमट हवा "जड" असते, त्यामुळे वानखेडेवर चेंडू हवेत अडकतो. मग वरच्या हिशेबात दमटपणा धरायला नको का?

चेंबूर नाका (सोमवार, रात्री ९.००)

धरायला हवा, पण उलट्या चिन्हाने. पाण्याच्या वाफेचा रेणू हवेतल्या नायट्रोजन आणि ऑक्सिजनच्या रेणूंपेक्षा हलका असतो. त्याच दाबाला आणि तापमानाला वाफेने त्यांची जागा घेतली, की हवा हलकी होते, जड नव्हे. मुंबईच्या उकाड्यात, हवेत ७५ टक्के आर्द्रता असताना, कोरड्या हवेच्या मानाने घनता एक ते दीड टक्क्याने कमी भरते. अंगाला घाम चिकटतो म्हणून आपल्याला हवा जड वाटते, चेंडूला तसे वाटण्याचे कारण नाही.

समुद्रावरून येणाऱ्या वाऱ्याचा परिणाम त्याहून कितीतरी मोठा असतो, कारण रोध चेंडूच्या जमिनीसापेक्ष वेगावर नव्हे, तर हवेसापेक्ष वेगावर ठरतो. आणि घनतेचाच फरक पाहायचा असेल, तर धरमशालेकडे पाहावे. तिथले मैदान समुद्रसपाटीपासून सुमारे साडेचौदाशे मीटर उंचीवर आहे आणि समुद्रसपाटीच्या मानाने हवेची घनता तिथे दहा टक्क्यांहून अधिक कमी असते. तिथे षटकार खरोखरच लांब जातो.

कठड्यावरची (सोमवार, रात्री १०.४०)

मी विज्ञानाची विद्यार्थिनी नाही, पण हा धागा वाचताना एक गोष्ट आठवली आणि ती विचारावीशी वाटते. जुलैमधल्या मोठ्या भरतीला मरीन ड्राइव्हच्या कठड्यावर लाटा आदळतात, तेव्हा पाणी दोन-तीन मजले उंच उसळते. मी अनेक वर्षे ते पाहत आले आहे. उसळताना ते एकसंध पडद्यासारखे असते, पण वर गेल्यावर त्याचे दोन भाग होतात. पाण्याचे मोठाले गोळे कमान करून रस्त्यावर धप्पकन पडतात. बारीक तुषार मात्र वरच थबकतात, जणू त्यांचा जोर एकाएकी संपतो, आणि मग वाऱ्याबरोबर आडवे वाहत पलीकडच्या फुटपाथवर येतात. चेहऱ्यावर खारट शिंतोडे बसतात ते यांचेच. पाणी एकच, वेगही एकच, मग वाटा वेगळ्या का?

गणितवेडी (सोमवार, रात्री ११.२०)

ताई, या धाग्यातला सर्वांत सुंदर प्रयोग आपण सांगितलात.

वजन आकारमानाच्या, म्हणजे व्यासाच्या घनाच्या प्रमाणात वाढते. रोध क्षेत्रफळाच्या, म्हणजे व्यासाच्या वर्गाच्या प्रमाणात. थेंब जितका लहान, तितका त्याच्या वजनाच्या मानाने रोध मोठा. रोध आणि वजन समान होतात त्या वेगाला अंतिम वेग म्हणतात. सीझन बॉलचा अंतिम वेग सेकंदाला सुमारे ३८ मीटर, टेबल टेनिसच्या चेंडूचा सुमारे ९, दोन मिलिमीटरच्या पावसाच्या थेंबाचा साडेसहाच्या आसपास आणि तुषाराचा त्याहून पुष्कळच कमी. कठड्यावरून उसळलेले पाणी सेकंदाला बारा-पंधरा मीटरने सुटत असेल, तर मोठ्या गोळ्याला हवा फारशी जाणवत नाही, तुषारासाठी मात्र तो वेग त्याच्या अंतिम वेगाच्या अनेक पट असतो. म्हणून त्याचा आरंभीचा वेग क्षणात संपतो आणि तो वाऱ्याच्या स्वाधीन होतो.

मूळ प्रश्नाचे उत्तरही मला इथेच दिसते. सूत्र वापरण्यापूर्वी फेकीचा वेग आणि त्या वस्तूचा अंतिम वेग शेजारी शेजारी लिहावेत. दोघांच्या गुणोत्तराचा वर्ग केला, की रोध वजनाच्या कितवा भाग आहे ते कळते. तो भाग शंभरावा असेल तर अन्वस्त वक्र खुशाल वापरावा, निम्मा असेल तर वापरू नये. अकरावीच्या मुलाला एवढे सांगायला दहा मिनिटे पुरतात.

पार्ल्याचा शटलर (मंगळवार, सकाळी ८.००)

मग बॅडमिंटनचे शटल हे दुसरे टोक म्हणावे लागेल. त्याचा अंतिम वेग सेकंदाला सात मीटरही नाही, म्हणजे ताशी २५ किलोमीटरच्या आतच. उलट २०२३ साली सात्त्विकसाईराज रंकीरेड्डीच्या स्मॅशचा रॅकेटपाशी मोजलेला वेग ताशी ५६५ किलोमीटर होता. सुटताना शटलवर त्याच्या वजनाच्या शेकडो पट रोध असतो आणि समोरच्या खेळाडूपर्यंत येईतो त्याचा बहुतेक वेग गेलेला असतो. उंच क्लिअर, म्हणजे कोर्टाच्या मागच्या टोकापर्यंतचा फटका, मारला, तर शटल तिरपे सरळ वर जाते, थोडेसे वळते आणि जवळजवळ उभे खाली येते. त्याला कमान म्हणवत नाही.

गॅलिलिओच्या आधीचे तोफखान्याचे लोक गोळ्याचा मार्ग असाच काढत. तिरपी सरळ रेषा, मध्ये छोटा बाक आणि मग सरळ खाली. इटलीच्या तार्ताग्लियाने १५३७ साली सर्वाधिक पल्ल्याचा कोन ४५ अंश असतो असे सांगितले, पण त्याच्याही आकृत्या याच वळणाच्या होत्या. शाळेत आम्हाला ती चित्रे अज्ञानाचा नमुना म्हणून दाखवली होती. शटल पाहिल्यावर मला वाटते, की त्यांचे कारण चुकले होते, डोळे अगदीच चुकले नव्हते.

चेंबूर नाका (मंगळवार, सकाळी १०.१०)

सहमत. तोफेच्या गोळ्यावर हवेचा परिणाम किती प्रचंड असतो, हे इंग्लंडच्या बेंजामिन रॉबिन्सने १७४२ सालच्या आपल्या ग्रंथात लंबकाच्या साहाय्याने वेग मोजून दाखवले. तोवर तोफखान्याची कोष्टके अन्वस्त वक्रावरच बेतलेली असत. ऑयलरसारख्या गणितज्ञाने १७४५ साली त्या ग्रंथाचे जर्मन भाषांतर केले, यावरून त्याचे महत्त्व कळते. पुढे दोनशे वर्षांनी, १९४६ मध्ये जगापुढे आलेला अमेरिकेचा एनिअ‍ॅक हा संगणक मुळात तोफेच्या माऱ्याची कोष्टके तयार करण्यासाठीच बांधायला घेतला होता, कारण रोध धरला की प्रत्येक मार्ग टप्प्याटप्प्याने मोजूनच काढावा लागतो.

हवेमुळे सर्वोत्तम कोन नेहमी ४५ च्या खालीच येतो, असेही मानू नये. १९१८ साली जर्मनांनी ज्या तोफेने सुमारे १२० किलोमीटरवरून पॅरिसवर मारा केला, तिची नळी ४५ अंशांहून अधिक उभी ठेवलेली असे. गोळा लवकरात लवकर विरळ हवेत पोहोचवायचा आणि बहुतेक अंतर तिथेच कापायचे, असा तो हिशेब होता.

पार्ककाठचा (पुढचा रविवार, रात्री ८.५०)

आठवडाभर हा धागा आम्ही दोघांनी मिळून वाचला. सर्वांचे मनापासून आभार. गणितवेडी ताईंनी सांगितलेली टप्प्यांची पद्धत मुलाने एक्सेलमध्ये स्वतः मांडली. दर शतांश सेकंदाला वेग घ्यायचा, त्यावरून रोध काढायचा, रोधावरून नवा वेग काढायचा आणि पुढच्या ओळीवर जायचे. साडेतीनशे ओळींच्या आत चेंडू जमिनीवर येतो.

आज सकाळी आम्ही पुन्हा पार्कवर गेलो. चेंडू चढताना जास्त वेगाने चढतो आणि उतरताना कमी वेगाने उतरतो का, हे त्याला पाहायचे होते. चढताना गुरुत्व आणि रोध दोन्ही खाली ओढतात, उतरताना रोध गुरुत्वाच्या विरुद्ध असतो, म्हणून असे व्हायलाच हवे, हे त्याचे त्यानेच मला समजावून सांगितले. मोबाइल तिवईवर लावून सेकंदाला २४० चित्रे घेणाऱ्या स्लो मोशनमध्ये ठेवला. रस्त्यापलीकडच्या इमारतीला समांतर थ्रो केले आणि तिच्या दोन गॅलऱ्यांचे कठडे खुणेच्या रेषा म्हणून धरले. चेंडूपाशी त्या रेषांची उंची नेमकी किती भरते याला महत्त्व नव्हते, जाताना आणि येताना रेषा त्याच होत्या एवढे पुरेसे होते.

कट्ट्यावर बसून त्याने एकेक चित्र पुढे सरकवत मोजले. खालच्या रेषेपासून वरच्या रेषेपर्यंत चढायला ६४ चित्रे लागली, उतरताना ७०. दुसऱ्या थ्रोला ६३ आणि ७०. तिसऱ्याला चेंडू झाडाच्या फांदीआड गेला, तो आम्ही सोडून दिला.

निवृत्त मास्तर (पुढचा रविवार, रात्री ९.३०)

हे आकडे वहीत तारीख, वेळ आणि चेंडूच्या वजनासह लिहून ठेवायला त्याला सांगा. पुढच्या खेपेला त्याच दोन रेषांमध्ये टेनिसचा चेंडू फेकून पाहावा. तो आकाराने जवळपास सीझन बॉलएवढाच असतो, पण वजनाने जेमतेम तिसरा हिस्सा, त्यामुळे चढण्या-उतरण्याच्या चित्रांतले अंतर किती वाढते हे पाहण्याची मलाही उत्सुकता आहे.